राणीच्या पोथीची भूक

एक होता राजा, धैर्यकेतू नावाचा. राज्य बेताचं, पण पोथ्या पुष्कळ. राणी वारली, तेव्हा पाच वर्षांच्या केतकीसाठी, म्हणजे आपल्या लेकीसाठी, एक पोथी लिहून ठेवून गेली. तीत लढाया नव्हत्या, बरं का. घरात कोण कशावरून रुसतं, त्याची समजूत कशी काढावी, ढग गडगडले की राजेसाहेब कोणाचा पदर धरतात, हे सगळं तीत होतं.

राजाने काय केलं? पोथी लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, गाठ सोडायची, हळद-कुंकू वाहायचं आणि पुन्हा बांधायची. वाचायची मात्र कोणीच नाही.

मग पहिल्या दसऱ्याला गाठ सोडली, तर सुरुवातीची पानं कोरी! अक्षरं कशी उडतील, असं मीही माझ्या आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी ऐक, मग शंका काढ."

दुसऱ्या दसऱ्याला निम्मी पोथी कोरी. राजाने फुलं दुप्पट केली. तिसऱ्या दसऱ्याला उरलं एकच पान.

केतकी रडू लागली. "बाबा, आईचा आवाज मला आता आठवत नाही. हेही पान गेलं तर?"

पोथ्या बांधणारी म्हातारी गोदाक्का तिथेच होती. ती म्हणाली, "महाराज, तीन वर्षं पोथीला कुंकू भरवताय. तिची भूक वेगळी आहे. वाचा की!"

"अक्का, वाचलं तर ती फार आठवेल."

"आठवू द्या. पोरीने एकटीनेच आठवायचं का?"

मग राजा देव्हाऱ्याकडे तोंड करून मोठ्याने वाचू लागला. 'केतकी, तुझे बाबा रडत नाहीत असं नाही. ते पाठ फिरवून रडतात. तू पुढे जाऊन बस.'

केतकी उठली आणि राजाच्या पुढ्यात जाऊन बसली. राजाने डोळे लपवले नाहीत. आणि काय सांगू! कोऱ्या पानावर एक अक्षर उमटलं, मग एक ओळ, मग पानामागून पान. सगळा वाडा पाहायला गोळा झाला.

मग राजाने पोथी घरोघर फिरवली. प्रत्येक घराने एकत्र बसून ती वाचली, आपल्या घरचं एक पान तीत लिहिलं आणि पोथी पुढे दिली. ती वर्षागणिक जाड होत गेली. अक्षर मात्र एकही उडालं नाही. राजा आणि केतकी एकमेकांसमोर हसले, रडले आणि सुखाने राहिले.

आज ती पोथी कोणाच्या घरी आहे, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. पण बाळा, तू उशाखाली दडवलेलं ते पुस्तक उद्या ताईबरोबर वाचायचं आणि मग शेजारी द्यायचं. कळलं ना? मीट आता डोळे.