मोहरवाडीच्या क्रुसाभोवतीचा दोर

मोहरवाडीच्या चर्चच्या दारावर क्रूस आहे आणि क्रुसाला दोराचा वेढा आहे. नगरहून येणारे पाहुणे हमखास विचारतात, क्रुसावर साप कशाला? साप नाय हो तो, दोर आहे. घायपाताचा, तीन पेडांचा, अस्सल. इथल्या ख्रिस्ती मंडळीच्या झेंड्यावर तोच, लग्नपत्रिकेवर तोच, कबरीच्या दगडावरही तोच. आणि तो कुणी प्रेमानं दिलेला नाही, भांडून घेतलाय.

सांगतात ते असं. वाडीतली सगळी घरं दोर वळणारी, अन् त्यापायीच गाव त्यांना हलकं लेखायचं. नवं चर्च बांधलं, घंटा आली. सलोमीबाई नावाच्या विधवेनं आधीच बोलून ठेवलं होतं, घंटेचा दोर माझा. तिचा एकुलता मुलगा तापातून उठला, त्याचा तो नवस. महिनाभर तिनं ओढ्यात घायपाताची पानं कुजवली, त्यांतला धाग्यांचा वाख काढला आणि हाताची सालटी निघेस्तोवर दोर वळला.

तर मंडळीचे पंच शांतवनराव काय म्हणाले? हा दोर देवळात नको. शांतवनराव चार बुकं शिकलेले, उन्हाळ्यातही कोट घालणारे. येशूचे झाले तरी यांचा दोर काही सुटला नाही, असं गाव हसेल म्हणे. त्यांनी बाजारातून दोर आणला, पांढरा, गुळगुळीत. दारावर काढायला मुकुट आणि लिलीचं फूल ठरवलं. लिली वाडीत कुणाच्या बापानं पाहिली नव्हती. पण पंचांना बोलणार कोण? सलोमीबाई बोलली.

"माझ्या हातच्या नाड्यावर गावाच्या मोटा चालत्यात, शांतवनराव. त्यांना विहिरीला चालतो, अन् तुम्हाला देवाला चालत नाय व्हय?"

पंचांनी ऐकलं नाही. दारावरच्या तुळईवरून घंटा वर ओढायला घेतली. छातीएवढी वर गेली आणि बाजारच्या दोराचे दोन पेड तटातट तुटले. तिसऱ्या एकट्या पेडावर घंटा तशीच थांबली म्हणे. सलोमीबाई धावली, कडीतून आपला दोर ओवला, टोक तुळईवरून टाकलं आणि दारासमोरच्या लिंबाच्या खोडाला गाठ मारली. गाठ बसली आणि मगच तो पेड सुटला. लोक शपथेवर सांगतात.

आता ओढा वर, असं पंच म्हणाले. सलोमीबाई गाठीला पाठ लावून बसली. दारावर मुकुट-लिलीच्या जागी माझा दोर बसेल तेव्हाच घंटा वर जाईल, म्हणाली. तिथं एवढे पुरुष होते, गाठ सोडणं सगळ्यांना येत होतं. एकाचाही हात पुढं झाला नाही.

घंटा नेमकी दारात लोंबकळत राहिली. सगळे वाकून आत जायचे, उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा. तिसऱ्या रविवारी शांतवनराव कोट सावरत शिरायला गेले आणि ठण्ण. घंटा पहिल्यांदा वाजली ती पंचांच्या कपाळावर. पोरं फिदीफिदी हसली. सलोमीबाई हसली नाही. तिनं पदर भिजवून त्यांच्या कपाळाला लावला. तिच्या तळहाताच्या भेगा त्यांना अगदी जवळून दिसल्या.

"माझ्या आईचे हात असेच होते," ते पुटपुटले.

"मग आईला दाराबाहेर का ठेवता?"

शांतवनरावांनी कोट काढला. चुना कालवला, शिडीवर चढले आणि उरलेला दोर क्रुसाभोवती स्वतःच्या हातानं चुन्यात दाबला. मग सलोमीबाईनं गाठ सोडली आणि घंटा वर गेली.

आजही त्या चुन्यात दोराचा ठसा आहे. मूळ दोर कधीच कुजला. दरवर्षी चर्चच्या वाढदिवशी ठशात नवा दोर बसवतात, आणि तो शांतवनरावांच्याच घराण्यानं, तिथं दारात बसून वळायचा. कुणी पुण्यात साहेब असो, सुट्टी काढून यायचं. मध्ये त्यांच्यातल्या एकाला वळताच येईना. यंदा नुसता रंग मारून घ्या, म्हणाला. वाडीच्या बायकांनी त्याला पायरीवर बसवला, वाखाची पेंडी पुढ्यात टाकली आणि दार अडवून उभ्या राहिल्या. त्या वर्षी सकाळची उपासना दुपारी चारला झाली.