पहिली गाठ

बाभळीला अजून काटे फुटले नव्हते, तेव्हाची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरणीने घरटी विणून द्यायचा धंदा मांडला होता. हाताखाली शिंपीण होती, पानांना टाके घालून घर शिवणारी चिमुकली पाखरी. पण सुगरण तिला नुसतं गवत आणायला पिटाळायची. फांदीवरची पहिली गाठ, जिच्यावर सगळं घरटं लोंबतं, ती मालकिणीच्याच चोचीने पडायची, असा तिचा दंडक होता.

एका वर्षी ऐन हंगामात सुगरणीची चोच चिरली. गाठ काही आवळली जाईना. घरटं सांगून ठेवलेली चिमणीएवढी मुनिया रडकुंडीला आली. "सुगरणताई, परवा अंडी घालायचीत मला. ती काय विहिरीत घालू?"

सुगरणीने चोचीतलं गवत खाली ठेवलं. मग शिंपिणीला म्हणाली, "गाठ तू मार."

शिंपीण बिचकली. "कशी मारू, ताई?"

"ते मला विचारू नकोस. विचारलंस, तर मी सांगत बसेन."

मुनियाने अंडी घातली आणि दुसऱ्याच दिवशी वावटळ उठली. बाभळ पार पाण्यापर्यंत वाकली. सुगरणीने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा तिचं स्वतःचं घरटं विहिरीत तरंगत होतं, आणि मुनियाचं अंड्यांसकट संथ झुलत होतं.

सुगरण त्या गाठीपाशी जाऊन बसली. शिंपिणीने कापसाच्या धाग्याने गाठ फांदीच्या सालीतच शिवून टाकली होती. असं काही सुगरणीने जन्मात पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली.

मग हळूच म्हणाली, "शिंपीणबाई, माझ्या घरट्याची गाठ मारायला कधी याल?"