येसू पाणक्याची काठी

हात लावू नका त्या काठीला! दरवाजाच्या कोनाड्यात ती खाचा पाडलेली दिसते ना, तीच. जुनी झाली की गाव नवी करतं, पण खाचा त्याच मापाच्या. चढताना तुम्ही दोघं मतांवरून भांडत होतात, एकमेकांना गद्दार म्हणालात. मी ऐकलं. या सोंडगडावर तो शब्द फुकट वापरता येत नाही. का, ते ऐका आणि मग उतरा.

फार जुनी गोष्ट. गडाला वेढा पडून तिसरा महिना लागला होता, त्यात वैशाख. गडावर पाण्याचं एकच टाकं, आणि ते येसू कोळ्याच्या ताब्यात. रोज सकाळी तो टाक्यात काठी बुडवायचा आणि या दरवाजात उभा राहून माप ओरडायचा. त्या मापावर पाणी वाटलं जाई. त्याची बायको साळू. नवऱ्याच्या नुसत्या आवाजावरून तिला म्हणे कळायचं, आज घरात घागर येणार की तांब्या.

एका सकाळी येसू ओरडला, "वीतभर! आठ दिवसांचं पाणी उरलंय. किल्लेदार, बोलणी करा, बायकापोरं खाली जाऊ द्या!"

किल्लेदाराला ते झोंबलं. मदतीची फौज येतेय, असं तो रोज सांगत होता आणि फौजेचा पत्ता नव्हता. तो म्हणाला, "गनिमाचं खाऊन बोलतोय हा. फितूर!"

झालं! आदल्या दिवशी जे येसूच्या हातचं पाणी प्याले, तेच अंगावर धावले. सगळ्यांत मोठा आवाज साळूच्या सख्ख्या भावाचा, रायाजीचा. मेहुण्यापायी आपल्यावर बालंट नको म्हणून. साळू पदर खोचून मधे पडली. "मुडद्यांनो, टाकं दहा पावलांवर आहे! काठी घालून बघा की!"

एकही जण गेला नाही. बघायला जाईल तोही फितूर ठरणार होता. येसूचा हात तिच्या हातातून ओढून काढला आणि समोरच्या त्या कड्यावरून त्याला लोटलं, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी काठी रायाजीकडे आली. त्यानं ती बुडवली, ओल बघितली, आणि दरवाजात येऊन ओरडला, "तीन हात!" लोकांनी जयजयकार केला. घोडीसुद्धा धुतली म्हणे. मग रोज तीन हात. आठ दिवसांचं पाणी पाचव्या दिवशी संपलं, आणि ज्या किल्लेदारानं येसूला फितूर म्हटलं, त्यानंच आपल्या हातानं गनिमाला दरवाजा उघडला.

ओठ फुटलेली माणसं उतरू लागली, तेव्हा साळू या उंबऱ्यावर आडवी बसली. कुणीतरी गनिमाच्या छावणीतून आलेलं पाणी पुढे केलं, तिनं तोंड फिरवलं. "माझ्या भावानं खरं माप सांगितल्याशिवाय मी थेंब घेणार नाही."

ऊन कलेपर्यंत बसली. शेवटी रायाजी टाक्यात उतरला, काठी चिखलात रोवली आणि हंबरडा फोडला, "कोरडं आहे! येसूचं माप खरं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मग साळू पाणी प्याली. पण रायाजीच्या हातचं नाही. पुढे मरेपर्यंत नाही.

आजही आमच्या गावात कुणी कुणाला फितूर म्हटलं, गद्दार म्हटलं, की बाकीचं बोलणं थांबतं आणि गडावरून काठी खाली आणून म्हणणाऱ्याच्या हातात देतात. टाक्यावर जा, माप घे, इथं उभा राहून खरं ओरड, मग म्हण काय म्हणायचं ते. बहुतेकांचा जोर गड चढतानाच उतरतो. मागच्या निवडणुकीत एक पुढारी भोंग्यावरून दिवसभर गद्दार गद्दार करत होता. आम्ही काठी पुढे केली, तर गाडीत बसला आणि काच वर केली.

आता खाली काय बघता? तुम्ही तर वर आलेलेच आहात, आणि टाकं दहा पावलांवर आहे. लावा हात. घ्या काठी.