पहिल्या बाराचा मान

एका डोंगरी संस्थानात दस्तगीर शिकलगार बंदुका दुरुस्त करी. दसरा तोंडावर आला, तेव्हा राजाच्या मामासाहेबांनी थोरल्या महाराजांची रायफल त्याच्यापुढे टाकली. गोळीमागची खीळ जिथे अडकते ती आतली खाच पार झिजली होती.

"खाचेत नवं लोखंड भरावं लागेल, नाहीतर खीळ निसटून कपाळावर येईल," दस्तगीर म्हणाला.

"थोरल्या महाराजांच्या रायफलीत परकं लोखंड? नुसती घासून चकचकीत कर. जास्त बोललास तर कोठडीत जाशील."

दस्तगीरला धोका ठाऊक होता. झिजल्या खाचेतली खीळ बार उडताच मागे निसटते आणि नेम धरणाऱ्याचं कपाळ फोडते. शिवाय संस्थानचा रिवाज असा, की दुरुस्त झालेल्या बंदुकीचा पहिला बार दुरुस्त करणाऱ्यानेच गालाला लावून काढायचा. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

दसऱ्याला रायफलीची चकाकी पाहून राजा खूश झाला. मामासाहेब लगेच पुढे सरसावले. "सगळी अक्कल माझी. याने फक्त हात चालवले."

पहिल्या बारासाठी रायफल दस्तगीरच्या हाती आली. तो वळला आणि लवून त्याने ती मामासाहेबांपुढे धरली. "दुरुस्ती आपली, तर पहिल्या बाराचा मानही आपलाच."

राजाने मान डोलावली. मामासाहेबांनी रायफल गालाजवळ नेली, खाचेकडे पाहिलं आणि हळूच खाली घेतली.

"दस्तगीर, नवं लोखंड भरूनच टाक."

"परकं चालेल, मामासाहेब?"

"घरात आलं की आपलंच म्हणायचं," मामासाहेब कपाळ पुसत म्हणाले.