म्होरक्याची हाक

फार जुनी गोष्ट आहे. एका रानात वानरांचा कळप होता. वाघ दिसला की उंच फांदीवरून हाक द्यायची, हे म्होरक्याचं काम. त्याने खोटी हाक दिली तरच त्याला खाली उतरवायचं, आणि तेही त्याला हात धरून वर नेणाऱ्यानेच, असा कळपाचा नेम होता.

एकदा सगळी वानरं म्हाताऱ्या काजळीकडे आली; म्होरक्याला हात धरून वर नेलं होतं ते तिनेच. "तुझा लेक फार तिरसट झालाय. उतरव त्याला."

"तिरसट तर त्याचा बापही होता. तो काही गुन्हा नव्हे," काजळी म्हणाली.

तेवढ्यात एक वानरी रडत पुढे आली. "काल याच्या हाकेने पळताना माझं पिल्लू पडून मेलं. त्याला शोधायला परतले, तेव्हा हा एकटाच निवांत उंबरं खात होता."

काजळीने वर पाहिलं. "वाघ होता का रे, बाळा?"

म्होरक्याने मान खाली घातली. "नव्हता, आई. भूक लागली होती."

"मागितलं असतंस, तर माझ्या वाट्याची उंबरं दिली असती रे."

ती वर चढली आणि लेकाला हात धरून खाली घेऊन आली. मग त्याला तिथेच सोडून ती त्या वानरीजवळ जाऊन बसली.