कवडशांची शिकार

डोंगरांपलीकडच्या देशात शिकून एक तरुण साळुंकी आपल्या जंगलात परतली, तेव्हा कवडशांच्या गुहेत काय दिसणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे तिला वाटत होते. उजेडाशी शिकार-शिकार खेळणारी पिल्ले हिंस्र होतात, असे तिकडच्या थोर पक्ष्यांनी तिला सांगितले होते. म्हणून दात, नखे आणि ओरबाडे पाहण्याची तयारी ठेवूनच ती गुहेच्या तोंडाशी उतरली. पण मुलांनो, आत किती शांत होते! दुपारचे ऊन बाहेरच्या डोहावर पडत होते आणि तिथून उसळून गुहेच्या भिंतीवर थरथरत होते. पाणी हलले की भिंतीवर सोनेरी हरणे पळत. पाणी थबकले की तीच हरणे विरघळून मासे होत. अस्वलाचे पिल्लू, कोल्ह्याची पोर आणि एक इवलासा ससा त्या उजेडामागे हलकेच झेपावत होते. "पकडलं, पकडलं!" "कुठं पकडलंस? ते बघ, तुझ्याच नाकावर बसलंय!" साळुंकी क्षणभर स्वतःच त्या सोनेरी कळपात हरवून गेली. मग तिने मान झटकली. आपण इथे कामासाठी आलो आहोत, हे तिला आठवले.

काम सोपवले होते जंगलाचा कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या वानराने. त्याला तो खेळ मुळीच आवडत नसे. "तू शिकलेली पोर," तो म्हणाला होता, "या खेळानं पिल्लं बिघडतात, एवढं तपासून सभेत सांग. मग ओढ्यात शिळा लोटून डोहाचं पाणीच तोडू. डोह आटला की कवडसे गेले! आणि नदीकाठचा तो मोठा अर्जुन वृक्ष तुझा. घाल तिथं तुझी शाळा." शाळा! परतीच्या साऱ्या वाटेवर, ढगांच्या वर तरंगताना, साळुंकीने तेच एक स्वप्न पाहिले होते. एका झाडाखाली साऱ्या जातींची पिल्ले, आणि फांदीवर ती.

तिने तपास सुरू केला. खेळ ऐन रंगात आला की ती दारातून ओरडे, "पुरे! निघा बाहेर!" आणि कोण कसे वागते ते पाही. अस्वलाचे पिल्लू गुरगुरले. कोल्ह्याची पोर दात विचकून धावली. इवल्या सशानेही पाय आपटला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. साळुंकीला फार आनंद झाला. थोर पक्षी खरेच बोलले होते! वानरही खूश झाला. "उद्या सकाळी सभा," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी साळुंकी उंबरावर बसून एक पिकलेले फळ खात होती. डोळे अर्धवट मिटलेले, मनात शाळा भरलेली. इतक्यात वानराने फांदी गदागदा हलवली. "चल गं, उद्या काय बोलणार ते एकदा म्हणून दाखव!"

"थांबा ना जरा! खातेय, दिसत नाही?" साळुंकी खेकसली आणि तिने त्याच्या बोटावर टचकन चोच मारली.

"अगं बाई! तूही कवडशांत खेळून आलीस वाटतं!" बोट चोखत वानर खो खो हसला.

साळुंकी मात्र हसली नाही. तिच्या पंजातले उंबर खाली पडले. अंधार पडायच्या आत ती करवंदीच्या जाळीपाशी गेली. तिथे खारीची पोरे करवंदे खाण्यात दंग होती. "पुरे! निघा!" पोरे चिरचिरत अंगावर आली. मग ती चिखलात लोळणाऱ्या रानडुकराच्या पिल्लाकडे गेली. त्याने तर आयुष्यात गुहा पाहिली नव्हती. पण सगळ्यांत जास्त तेच गुरगुरले.

तिने उडत येऊन हे वानराला सांगितले. वानराने कपाळाला आठ्या घातल्या. "करवंदं आणि चिखल कोणी विचारलाय तुला? गुहेत जे पाहिलंस तेवढं सांग. त्यात खोटं काय आहे?"

"पण आजोबा, ते अर्धंच झालं."

"मग अर्धं सांग आणि आख्खं झाड घे!"

सकाळ झाली. डोहावरून धुके पिंजलेल्या कापसासारखे वर चढत होते आणि त्यातून एकेक प्राणी स्वप्नातून उतरल्यासारखा सभेला येत होता. ओढ्याकाठी अस्वलीण शिळेला खांदा लावून तयार होती. इवला ससा साळुंकीच्या जवळ सरकला. "साळुंकीताई, आज दुपारी हरणं येतील ना गं?"

साळुंकीने नदीकडे पाहिले. अर्जुनाची पाने वाऱ्यावर अशी सळसळत होती, जणू खाली शाळा भरलीच आहे.

"बोल ना बाई लवकर," अस्वलीण म्हणाली. "लोटू की नको?"

साळुंकी उडाली आणि थेट त्या शिळेवर जाऊन बसली. "खेळातून ओढून काढलं की पिल्लं गुरगुरतात, हे खरं," ती म्हणाली. "पण करवंदांतून, चिखलातून काढलं तरी तशीच गुरगुरतात. आणि उंबर खाताना हलवलं तर मी चोच मारते, आजोबांचं बोट बघा! हा खेळ चांगला की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही. तो वाईटच, असं धरून मी गुहेत गेले, म्हणून मला गुरगुरणं तेवढं दिसलं. आजोबा, तुमचं झाड तुमच्याकडेच राहू द्या. मी ठरवलंय, पुन्हा पहिल्यापासून बघायचं. आणि जे निघेल ते, मला आवडो न आवडो, इथंच सगळ्यांसमोर सांगायचं."

अस्वलिणीने शिळेवरचा खांदा काढून घेतला.

तात्पर्य : उत्तर आधीच मनात धरून शोधायला निघालेल्याला तेवढेच सापडते; ज्याला खरे हवे असते, त्याने आपल्याला नको असलेले उत्तरही शोधावे आणि ते झाकून ठेवू नये.