सात थोरघरे आणि एक किल्ली

फार फार जुनी गोष्ट. नेमकी कधीची ते विचारू नका, मलाही ती मोठ्यांकडूनच मिळाली. लहानांनी नीट ऐका. मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐका.

एका राज्यात सात मंत्री होते आणि सातही जणांचं आडनाव थोरघरे होतं.

याची सुरुवात मात्र चांगली झाली होती. राजाच्या आजोबांच्या काळात थोरघरे नावाचा एक माणूस होता. त्याने डोंगराच्या कुशीत मातीचा मोठा बांध घालून तलाव केला. एका वर्षी पावसाने कहर केला, तेव्हा तो नऊ दिवस त्या बांधावर घोंगडी पांघरून बसला, जेवायलाही घरी गेला नाही. राजाने त्याला मंत्री केलं. लोक म्हणू लागले, थोरघरे म्हणजे भरवसा.

मग जागा रिकामी झाली की थोरघरेच शोधायचा, अशी रीतच पडली. मुलगा झाला, पुतण्या झाला, नातू झाला. पुढे त्या घराशी काडीचाही संबंध नसलेला, दूर गावचा एक थोरघरे सापडला, त्यालाही बसवलं. एक तर घरजावई होता. त्याने बायकोबरोबर आडनावही पदरात पाडून घेतलं. बांधावर बसायची वेळ यांच्यापैकी कुणावरच आली नव्हती.

दरबाराची पद्धत मात्र पहिल्या थोरघऱ्यांच्या वेळची होती तशीच राहिली. चोपदार नुसतं आडनाव पुकारायचा. हुकमावर उठवायचा शिक्काही सातांत एकच होता आणि त्यावर ‘थोरघरे’ एवढंच कोरलेलं होतं. शालजोड्या वाटायच्या असल्या की एका हाकेला सात पागोटी उठत. गाऱ्हाणं आलं की एकही उठत नसे. राजाला याची गंमत वाटायची. मला नाही वाटत, पण राजाला कोण सांगणार?

तलावाच्या खाली चाळीस घरांचं गाव होतं. तिथे एक पाटकरी राहायचा. पाटाने शेतांना पाणी सोडायचं आणि बांधावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाझर नितळ असला तर भ्यायचं कारण नसतं. गावच्या बायका तेच पाणी प्यायला भरत. एके दिवशी सकाळी पाटकऱ्याची बायको हंडा घेऊन परत आली आणि म्हणाली, "अहो, आज झऱ्याला गाळ येतोय. तीनदा हंडा विसळला, तरी तेच."

पाटकरी उठून धावतच गेला. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, तळाशी बसलेली माती बोटांनी चोळली. पिवळसर, चिकट. ही माती फक्त बांधाच्या पोटात असते. म्हणजे पाणी बांधाला आतून खात होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

उपाय एकच होता. बांधाच्या तळाची मोठी मोरी, म्हणजे पाणी सोडायचा दरवाजा, उघडून तलाव रिकामा करायचा. पण मोरीला कुलूप होतं, किल्ली दरबारात खुंटीला टांगलेली होती, आणि मंत्र्यांच्या शिक्क्याशिवाय मोरी उघडणाऱ्याचा हात तोडावा असा कायदा होता. कायद्यालाही कारण होतं. मोठी मोरी उघडली की खालच्या अंगाची कापणीला आलेली सगळी भातं बुडणार होती.

"पोरीला टेकडीवर नेऊ का?" बायकोने विचारलं.

"सुईण म्हणते, आता तिला हलवू नका. मी दुपारपर्यंत हुकूम घेऊन येतो," पाटकरी म्हणाला आणि राजधानीची वाट धरली. वाटेत तो पाणी प्यायलाही थांबला नाही.

दरबारात त्याने हात जोडून सगळं सांगितलं. चोपदाराने पुकारा केला, "थोरघरे!"

कुणी उठलं नाही.

"अहो, बांध कुणाकडे येतो?" राजाने विचारलं.

सगळ्यांत थोरले थोरघरे खाकरले. "महाराज, पाणी आमच्या तात्यांकडे."

"पाणी माझ्याकडेच आहे, आबा," तात्या म्हणाले, "पण बिघडलाय तो बांध. बांध मातीचा, आणि माती महसुलाची."

"महसूल पिकावर घेतात, बांधावर नाही," तिसरे म्हणाले. "आणि पीक बुडणार असेल तर शेतीखात्याला विचारायला हवं."

शेतीखात्याचे थोरघरे शाल नीट करत होते. ती काही केल्या नीट होईना.

"महाराज, कुणीही उठा, पण उठा!" पाटकरी ओरडला. "पाझरातून माती येतेय. माझी पोर आज-उद्याची आहे, तिला चालवत नाही. पाणी कुणाचं खातं विचारत नाही, मायबाप!"

राजा अस्वस्थ झाला. "सातही जण बसा आणि लगेच ठरवा," एवढं सांगून तो जेवायला गेला.

सात जण गालिच्यावर गोल बसले. मध्ये शिक्का ठेवला. पाटकरी उंबऱ्याबाहेर बसला. खुंटीवरची किल्ली त्याला तिथून दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंना भालेवाले उभे होते. अंगणातली सावली सरकत होती आणि तो सारखा तिच्याकडे बघत होता.

हे सात जण दुष्ट होते असं समजू नका. घरी ते मुंग्यांना साखर घालत. पण प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब चालला होता. मी शिक्का उठवला, भातं बुडाली आणि बांध टिकला, तर सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी. मी गप्प बसलो आणि बांध फुटला, तर दोष थोरघऱ्यांचा. म्हणजे माझ्या वाट्याला सातवा भाग. सातवा भाग माणूस सोसू शकतो.

शेवटी एक जण म्हणाला, "सगळ्यांनी मिळूनच शिक्का उठवू." सगळ्यांना पटलं. पण शिक्का उठवायला हात एकाचाच लागतो.

"आबा, मान तुमचा."

"छे छे, माझा हात थरथरतो. तात्या, तुम्ही."

"तुमच्या आधी मी? लोक काय म्हणतील?"

मग ठरलं, मूळ सनद काढून पाहू. किल्ली कुणाकडे सोपवली आहे, ते तिच्यात असेलच. दफ्तरातली बासनं सुटली. सनद सापडेपर्यंत ऊन उतरलं. तिच्यात लिहिलं होतं, ‘मोरीची किल्ली थोरघरे यांनी सांभाळावी.’

पाटकरी उठला. त्याने एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कुलूप सकाळीच फोडायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं आणि तो गावाकडे पळत सुटला.

तो पोचला तेव्हा दिवस मावळत होता. पाझर मांडीएवढा जाड झाला होता. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. त्याने तिला बाजेवर घालून चौघांच्या खांद्यावर टेकडीकडे पाठवलं. बायको घरोघर ओरडत सुटली, "उठा, वर चला, काही घेऊ नका!" पाटकऱ्याने पहार घेऊन मोरीचं कुलूप फोडलं आणि दरवाजा उचलायला लागला. तो जेमतेम वीतभर उचलला गेला असेल, तोच बांध मधोमध खाली बसला.

पाटकरी मोरीच्या दगडी खांबाला मिठी मारून वाचला. एकोणचाळीस घरं टेकडीवर पोचली. चाळिसाव्या घरात एक बहिरा म्हातारा होता. त्याला हाका ऐकू गेल्या नाहीत, म्हणून पाटकऱ्याची बायको त्याला आणायला परत खाली गेली होती. दोघंही वर आली नाहीत. टेकडीवर त्याच वेळी मुलगी बाळंत झाली. नात झाली.

तिसऱ्या दिवशी पाटकरी दरबारात उभा राहिला.

"महाराज, कुलूप मी फोडलं. हात तोडून घ्यायला आलोय. पण त्याआधी एक सांगा. माझी बायको गेली. मला कुणाला तरी शिव्याशाप द्यायचे आहेत. त्यासाठी एक तोंड पाहिजे. यांतला कोण?"

राजाने सातांपैकी एकेकाचा चेहरा न्याहाळला, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की कोणता थोरघरे कोणतं काम करतो, हे आपल्यालाच ठाऊक नाही. वीस वर्षं तो नुसती हाक मारत आला होता. तो सिंहासनावरून उतरून पाटकऱ्यासमोर आला.

"मला दे तुझे शाप," तो म्हणाला. "मी आडनाव बघून माणसं बसवली. माणूस बघितलाच नाही."



"तुम्ही उठलात, महाराज," पाटकरी म्हणाला. "पण पाणी येऊन गेल्यावर उठलात."

त्याने शाप दिला नाही. हात तोडायलाही कुणी पुढे झालं नाही. सातांची पागोटी राजाने त्याच दिवशी उतरवून घेतली, पण ते बघायला पाटकरी थांबला नव्हता. टेकडीवर तीन दिवसांची नात होती आणि तिला न्हाऊ घालायला आजी नव्हती.

तात्पर्य: जबाबदारीचे वाटे पाडले, की माणूस वाचवायला एकही हात उरत नाही.